मोटारीने सायकलला ठोकर दिली, तर

सायकलवरून पडलेला माणूस बहुतेकदा लगेच उठतो, कपडे झटकतो आणि ‘काही झालं नाही’ म्हणून निघून जातो. हेच नडतं. डोक्याला मार बसला असेल, तर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी काही तासांनीही सुरू होऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, केसपेपर जपून ठेवावा.

गाडीचा नंबर आणि जागेचे फोटो घ्यावेत, पोलिसांत नोंद करावी. रस्त्यावरच हजार-पाचशेवर मिटवू नये. भरपाई मोटारीच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळते. सायकलस्वाराकडे स्वतःचा विमा असण्याची गरज नाही. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, आपण राहतो त्या भागातलंही चालतं. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, आणि प्लॅस्टर, रजा, फिजिओथेरपी यांत ती भुर्रकन जाते.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या सरकारी योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. जिवाच्या मानाने रक्कम फारच तोकडी आहे, पण हक्काची आहे, मागायलाच हवी.

सायकल फोटो काढल्याशिवाय दुरुस्तीला टाकू नये. पुढचा चिमटा वाकलाय का, चाकाला आउट आलाय का, हे मेकॅनिककडून लिहून घ्यावं. हेल्मेटच्या आतलं थर्माकोल एकदाच दबतं. वरून धड दिसलं तरी ते बदलावं.