सोडतीविना शिकारीचा परवाना

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें आज अमेरिकेंत आहेत. शरद ऋतु लागला कीं त्यांच्याकडून तिकडील शिकारीच्या हंगामाच्या गोष्टी ऐकूं येतात. कचेरींतील एका सोबत्याला एल्क नांवाच्या, सांबराहूनहि मोठ्या हरणाचा ‘टॅग’ मिळाला. दुसऱ्यानें कित्येक वर्षें सोडतींत नांव घातलें, पण चिठ्ठी कांहीं निघाली नाहीं. तिसऱ्यानें दुकानांत पैसे भरून उभ्या उभ्या टॅग आणला. हें ऐकून आपल्याकडील तरुण मंडळी विचारतात कीं, सोडतींत न पडतां मोठ्या शिकारीचा परवाना आपल्या देशांतहि मिळतो काय? या प्रश्नाचें उत्तर दोन वाक्यांत देतां येतें. हौसेसाठीं असा परवाना येथें कोणालाहि मिळत नाहीं. उभ्या पिकाच्या रक्षणासाठीं मात्र तो मिळतो, आणि त्याला सोडत लागत नाहीं. हीं दोन वाक्यें उलगडून सांगणें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम टॅग म्हणजे काय तें पाहूं. टॅग हा बंदुकीचा परवाना नव्हे. एका शिकाऱ्यानें ठराविक जातीचें एक जनावर ठराविक मुदतींत मारावें, एवढ्यापुरती ती चिठ्ठी असते. जनावर पडलें कीं ती त्याला बांधावयाची, अशी पूर्वापार रीत आहे. म्हणजे एका चिठ्ठीवर दोन जनावरें घरीं जात नाहींत. तेथील प्रत्येक राज्याचें वन्यप्राणी-खातें कळपांचा अंदाज घेतें, त्या वर्षीं किती पाडसें जगलीं तें पाहतें, आणि कोणत्या विभागांत किती जनावरें कमी झालीं असतां कळपाला धक्का बसणार नाहीं, तो आंकडा ठरवितें. चिठ्ठ्या पुष्कळ व मागणारे थोडे असले तर त्या दुकानांत विकत मिळतात. मागणारे अधिक झाले म्हणजे सोडत काढावी लागते, आणि सोडतींतून कांहीं उरल्या तर त्या प्रथम येईल त्याला देतात. तात्पर्य, तेथील सोडत हा जुगार नव्हे. ती टंचाईची वांटणी आहे. शिवाय १९३७ सालच्या एका कायद्यान्वयें बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा तिकडे वन्यप्राण्यांच्या जोपासनेकडे वळविला जातो. ही व्यवस्था आपणांस रुचो वा न रुचो, तिच्या बुडाशीं एक हिशेब आहे, हें मान्य केलें पाहिजे.

आपल्याकडेहि एके काळीं कांहींसा असाच हिशेब ठेवण्याचा प्रयत्न झाला होता. वऱ्हाडचा मुलूख १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आला आणि १९०३ सालीं त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यांत आला. राखीव जंगलांचे शिकारीसाठीं गट पाडलेले असत. जंगल-खात्याकडे अर्ज करून एखादा गट ठराविक मुदतीपुरता मिळवावा लागे, आणि कोणतें जनावर किती मारावयाचें यालाहि मर्यादा असे. १९१२ च्या कायद्यानें कांहीं पशुपक्ष्यांना वर्षांतील ठराविक काळ अभय देण्याची सोय केली. तेव्हां सोडत नव्हती. परंतु ती नव्हती म्हणून सर्वांना समान न्याय होता असें मात्र समजूं नये. असा अर्ज करण्याची ऐपत व ओळख ज्यांना होती, ते लोकच मुळीं थोडे होते. स्वातंत्र्यानंतर नागपुराहून परदेशी पाहुण्यांसाठीं शिकारीच्या सहलीहि निघूं लागल्या. आपला बुलढाणें जिल्हा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, तेव्हां हा शिकारीचा काळ पुरता सरलेला नव्हता.

पुढें वाघ झपाट्यानें घटले. १९७० सालीं त्यांच्या शिकारीला बंदी झाली. १९७२ च्या गणतींत साऱ्या देशांत सुमारें १,८०० वाघ भरले. त्याच वर्षीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. या कायद्यानें शिकार तत्काळ बंद पडली असा पुष्कळांचा समज आहे, पण तो बरोबर नाहीं. मूळ कायद्यांत विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जनावरें धरणें अशा चार प्रकारच्या परवान्यांची तरतूद होती. आणि ‘मोठ्या शिकारी’च्या यादींत रोही व रानडुक्कर यांचींहि नांवें होतीं. १९९१ च्या दुरुस्तीनें हे चारहि परवाने काढून टाकले. तेव्हांपासून हौशी शिकाऱ्याला दार बंद झालें आहे. सोडत नाहीं, उरलेली चिठ्ठी नाहीं, दुकानांतील टॅगहि नाहीं. यावर कोणी दलाल “आंतून सोय करून देतों” असें म्हणत असेल, तर तो आपणांस परवाना नव्हे, गुन्हा विकत आहे असें खुशाल समजावें.

दार बंद झालें तरी कायद्यानें एक खिडकी उघडी ठेवली आहे. ती म्हणजे त्या कायद्याचें अकरावें कलम. एखादें जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालें आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो कारणें नमूद करून लेखी हुकमानें त्याची शिकार करण्याची परवानगी देऊं शकतो. आणि मालमत्ता या शब्दांत उभें पीक स्पष्टपणें धरलेलें आहे. वाघ, बिबळ्या, अस्वल अशा पहिल्या अनुसूचींतील जनावरांना पिकाचें कारण लागू पडत नाहीं. रोही व रानडुक्कर हीं जनावरें २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचींत आहेत, म्हणून त्यांना तें लागू पडतें. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं या दोन जनावरांपुरता परवानगीचा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खालीं आणला, त्यामुळें शेतकऱ्याला त्यासाठीं दूरच्या शहरीं खेटे घालण्याचें कारण उरलें नाहीं.

अर्ज साधा असतो, परंतु तो पक्का लिहावा. गांव, गट क्रमांक, पीक, नुकसान करणारें जनावर आणि नुकसानीचे दिवस हीं त्यांत यावींत. सोबत सातबाराचा उतारा जोडावा. आणि अर्ज दिल्याची तारखेसह पोच घ्यावी. हुकूम ज्या नांवानें व ज्या जागेपुरता निघेल, तेवढ्यापुरताच तो चालतो. बंदूक चालविणाऱ्यापाशीं शस्त्राचा स्वतंत्र परवाना असलाच पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे, तो याचसाठीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या परवान्यानें मारलेलें जनावर सरकारचें होतें. तें हातीं आल्यापासून ४८ तासांच्या आंत त्याची खबर पोलीस ठाण्यावर किंवा वनाधिकाऱ्याकडे द्यावी लागते. म्हणजे या परवान्यांत मांस नाहीं, शिंग नाहीं आणि दिवाणखान्यांत लावावयाचें मुंडकेंहि नाहीं. यामुळेंच त्याला सोडत लागत नाहीं. ज्यांत घेण्यासारखें कांहींच नाहीं, त्याच्यासाठीं रांग कोण लावील?

असा परवाना मागण्याची पाळी आपल्या जिल्ह्यांत कां येते, तें आतां पाहूं. उत्तरेला सातपुड्याच्या कुशींत अंबाबरवा अभयारण्य, मध्यें अजिंठ्याच्या डोंगररांगेंत बुलढाणें व खामगांव यांच्या दरम्यान सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें ज्ञानगंगा अभयारण्य, आणि या दोन डोंगरांमध्यें पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन. डोंगरांत आडोसा आणि पायथ्याशीं सोयाबीन, मका, तूर, हरभरा! रोही ही नांवानें नीलगाय असली तरी गाय नव्हे, हरणाच्या दूरच्या नात्यांतील कुरंग आहे. त्याचा मोठा नर २०० किलोग्रॅमांहून अधिक भरतो, आणि कळप शेतांतून नुसता पळत गेला तरी पीक आडवें होतें. रानडुक्कर तर खातें त्याहून अधिक उकरून टाकतें. मी शाळेंत शिकवीत असतांना रब्बीच्या दिवसांत पहिल्या तासाला कांहीं मुलें हटकून पेंगत असत. तीं आळशी नसत. रात्रभर बापाबरोबर जागलीला बसून, डबा वाजवून व गोफण फिरवून सकाळीं शाळेंत आलेलीं असत. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा होतो. त्या बुडालेल्या अभ्यासाचा मात्र पंचनामा होत नाहीं.

बंदुकीनें ही जागल संपते काय? पूर्णपणें नाहीं. खेड्यांत परवान्याच्या बंदुका थोड्या, रात्रीं नेम धरणें कठीण, आणि नीलगाय या नांवामुळें पुष्कळांचा हातहि उचलत नाहीं. एक जनावर पडलें तरी कळप चार दिवसांनीं परत येतो. रानडुकरीण एका वेळेस चारसहा पिलें सहज देते. रोह्याला व डुकराला आवरणारा जुना शिकारी वाघ, तो आपल्या रानांतून नाहींसा झाल्यासारखाच होता. २०१९ च्या डिसेंबरांत मात्र यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ गळ्यांतील पट्ट्यासह ज्ञानगंगेंत येऊन पोंचला. वाटेंत त्यानें तेलंगणाचा कांहीं भाग व विदर्भ-मराठवाड्यांतील जिल्हे तुडवून १,३०० किलोमीटरांहून अधिक चाल केली होती. ही चाल त्यानें बहुतेक शेतांतून, ओढ्यांच्या कांठानें, रात्रीं केली. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें सांगणार आहें त्याशीं तिचा संबंध आहे.

परवान्याचा कागद वेळेवर हातीं न आला म्हणजे संतापलेला शेतकरी कधीं कधीं भलताच मार्ग धरतो. कोणी पिठांत गुंडाळून गांवठी बॉम्ब ठेवतो, कोणी फास लावतो, आणि कोणी शेताभोंवतीं उघडी तार ओढून ती थेट विजेला जोडतो. यांतील शेवटचा प्रकार सर्वांत भयंकर आहे. खांबावरून येणारा प्रवाह अखंड असतो. त्यानें स्नायु आंखडतात आणि तारेला लागलेला हात सुटत नाहीं. ती तार रोही ओळखत नाहीं, वाटसरू वाघहि ओळखत नाहीं, आणि ज्या रात्रीं पंपाला वीज येते त्या रात्रीं पाणी धरावयास निघालेला शेजाऱ्याचा मुलगाहि ओळखत नाहीं. महाराष्ट्रांत अशा तारांनीं माणसेंहि मेलीं आहेत आणि वाघहि. परवानगीवांचून रोही किंवा डुक्कर मारलें तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीहि होऊं शकतात. माणूस दगावला तर त्याचा खटला निराळाच.

शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात, तें सौर कुंपण याहून अगदीं वेगळें आहे. सूर्यप्रकाशावर भरलेल्या बॅटरींतून तें यंत्र तारेंत राहून राहून अत्यंत अल्प काळाचा झटका सोडतें. जनावर दचकून मागें सरतें, पण दोन झटक्यांमधील अवकाशांत तें सुटूं शकतें. अर्थात् यंत्र चांगल्या बनावटीचें असावें, आणि त्याची तार केव्हांहि थेट विजेला जोडूं नये. याशिवाय पीक गेलेंच तर वन-खात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करतां येतो. तो विलंब न लावतां करावा, म्हणजे पंचनाम्याच्या वेळीं खुणा दिसतात.

आतां शहरांतील श्रोत्यांस एक विनंती. आपल्यापैकीं अनेकांची वडिलोपार्जित जमीन गांवीं आहे आणि ती दुसरा कोणी बटाईनें किंवा ठोक्यानें करतो. सातबारावर नांव आपलें असतें. जागलीला बसतो तो बटाईदार. परवानगीचा अर्ज असो कीं भरपाईचा, कचेरींत सातबारा मागतात आणि मालकाची सही मागतात. मालक पुण्यास वा मुंबईस असला, फोन उचलीत नसला, किंवा “दिवाळीला येईन तेव्हां पाहूं” म्हणाला, तर तोंवर हरभरा संपतो. आणि तारेचें वेटोळें दुकानांत सोडतीविना व परवान्याविना मिळतें. म्हणून पेरणीच्या आधींच आपल्या बटाईदाराजवळ सातबाराचा ताजा उतारा व सही केलेलें संमतिपत्र देऊन ठेवा, शक्य असल्यास सौर कुंपणाच्या खर्चाचा अर्धा भार उचला, आणि बांधावर उघडी वीज सोडूं देणार नाहीं असें त्याच्याशीं बोलून ठरवा. त्या बांधावरून रात्रीं कोण चालत जाईल, हें घरीं बसून आपणांस सांगतां यावयाचें नाहीं.