अजिंठ्याची कबर आणि पुस्तकामागची प्रेरणा

साहित्य संमेलनातील परिसंवाद असो वा तालुक्याच्या वाचनालयातील गप्पांचा कार्यक्रम, लेखकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'हे पुस्तक आपणांस सुचले कसे?' उत्तर बहुधा मोघम असते. कोणी अंतःप्रेरणेचे नाव घेतो, कोणी बालपणाकडे बोट दाखवतो. सिल्लोड तालुक्यात मात्र या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग डोळ्यांनी पाहता येतो.

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिल्लोड मागे टाकले की अजिंठा गाव येते. बहुतेक पर्यटक येथे न थांबता घाट उतरून थेट लेण्यांकडे जातात. या गावात पारो नावाच्या एका स्त्रीची कबर आहे. तिचा मृत्यू २३ मे १८५६ रोजी झाला आणि ती कोणाला तरी अतिशय प्रिय होती, एवढेच त्यावरील इंग्रजी लेखातून कळते. ज्याला ती प्रिय होती तो मेजर रॉबर्ट गिल.

गिल अजिंठ्यास का आला, हे समजून घेणे आवश्यक आहे. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. पुढे जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांवर निबंध वाचला. तेथील चित्रांची होणारी नासधूस पाहून ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्या प्रतिकृती करून घेण्याचे ठरविले. हे काम १८४४ साली मद्रास सैन्यातील गिलकडे सोपविण्यात आले. गिल विवाहित होता. तथापि अजिंठ्याच्या दीर्घ वास्तव्यात पारो त्याच्या आयुष्यात आली. लोककथा तिला आदिवासी कन्या म्हणते.

गिलच्या कामाचा शेवट करुण आहे. त्याने रंगविलेली बहुतेक मोठी चित्रे लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत ती भस्मसात झाली. मोजकीच चित्रे वाचली. गिलने पुढे छायाचित्रणही केले आणि त्याची छायाचित्रे १८६४ साली फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १८७९ साली गिलचे निधन झाले. त्याची कबर भुसावळला आहे.

इतिहासाची सामग्री येथे संपते. पारो कशी बोलत असे, गिलच्या चित्रांविषयी तिला काय वाटे, तिच्या माणसांनी हे नाते कसे स्वीकारले, याची नोंद कोणी केली नाही. तिचे स्वतःचे एक वाक्यही उरलेले नाही. ही पोकळीच एका कवीला लिहिते करणारी ठरली.

ना. धों. महानोर यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ रोजी सोयगाव तालुक्यातील पळसखेडे येथे, अजिंठ्याच्याच परिसरात झाला. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते गावी परतले आणि शेती करू लागले. १९८४ साली त्यांची 'अजिंठा' ही दीर्घ कविता प्रसिद्ध झाली. गिल आणि पारो यांची कथा त्यांनी या मुलखाच्या डोंगर-पावसात आणि इथल्या बोलीच्या लयीत मांडली. २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी याच काव्यावर आधारित चित्रपट केला आणि पारोचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले.

तथापि केवळ एक कबर पाहून काव्य होत नाही. ती कबर पाहणारे हजारो होते. महानोरांजवळ त्याआधीच शेतात कमावलेली भाषा होती. १९६७ सालच्या 'रानातल्या कविता' या पहिल्याच संग्रहाने ती मराठी वाचकांना दिली. गावातील लोकगीते त्यांनी 'पळसखेडची गाणी'मध्ये जपली. पुढे 'पानझड'ला २००० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाणी, पीक आणि दुष्काळ हे त्यांच्या लेखनाचे जसे विषय होते, तसेच त्यांच्या विधान परिषदेतील भाषणांचेही होते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

घाटापलीकडच्या खानदेशातही असेच उदाहरण सापडते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे सुचलेली त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ती ग्रंथरूपाने आली. प्रकाशक, समीक्षक, संमेलन यांपैकी काहीही त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते.

आज तालुक्याच्या गावांतून अनेक जण पदरमोड करून स्वतःची पुस्तके छापतात. संगणकावर अक्षरजुळणी होते, थोड्या प्रतीही छापता येतात. त्यांच्या पुस्तकांच्या मनोगतात प्रेरणेविषयी एखादा परिच्छेद असतोच. अशा लेखकांना अजिंठ्याच्या या कथेतून दोन गोष्टी घेता येतील. प्रेरणा बहुधा जवळच असते. वेशीबाहेरची कबर, आजीची ओवी, आटलेली विहीर यांतही ती दडलेली असते. दुसरी गोष्ट अधिक जबाबदारीची आहे. नोंद कोठे संपते आणि कल्पना कोठे सुरू होते, हे लेखकाने निदान स्वतःशी तरी स्पष्ट ठेवले पाहिजे. पारोविषयी आज सांगितल्या जाणाऱ्या अनेक गोष्टींत इतिहास किती आणि काव्य किती, हे वाचकाला उमगेनासे झाले आहे. काव्याने तिला आवाज दिला. तो आवाज कवीचा आहे, याचे भान मात्र सुटता कामा नये.

लेण्यांकडे निघालेल्या वाटसरूने अजिंठा गावात घटकाभर थांबावे. गिलची बहुतेक चित्रे जळाली, पण पारोच्या कबरीवरचा लेख आणि तिच्यावरचे काव्य उरले. एका पुस्तकाचे मूळ तेथे उघड्यावर पडलेले आहे.