चित्रालाही वाफसा लागतो

या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी वाचता. आज मात्र एका चित्रकाराच्या दिवसाविषयी लिहितो आहे. 'साहेब, आम्हाला चित्राचे काय करायचे?' असे कोणी म्हणेल. तर आधी एवढे सांगतो, की तैलचित्राचा रंग ज्या तेलात घोटतात ते बहुधा जवसाचे असते. आपण उभ्या धानात उतेरा म्हणून फेकतो तोच हा जवस. त्याची चटणी आपण खातो, आणि बाजारात त्याचा भाव विचारताना आपला आवाज जरा खालीच येतो.

आमच्या भागात चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. वडिलोपार्जित थोडी धानाची शेती आहे. गोठ्याला लागून पत्र्याची एक खोली काढली आहे, तिला उत्तरेकडे मोठी खिडकी. उत्तरेकडूनच का? तर तिकडून ऊन थेट आत येत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत उजेड सारखा राहतो आणि रंग फसवत नाहीत. गुरुजींना न मिसळलेले, निव्वळ जवसाचे तेल हवे होते, त्या निमित्ताने माझे जाणे-येणे सुरू झाले.

चित्रकार म्हणजे मन लागले की रंगवणारा आणि नाही लागले की फिरायला जाणारा माणूस, अशी आपली समजूत असते. इथे तसे काही नाही. गुरुजी सकाळी चहा झाला की खोलीत जातात आणि पहिला अर्धा-पाऊण तास ब्रशला हातच लावत नाहीत. भिंतीला चारपाच कॅनव्हास टेकवलेले असतात, त्यातला एकेक ईझलवर ठेवून नुसते बघतात. कधी उलटा धरून, खालची बाजू वर करून बघतात. उलट्या चित्रात बांध, झाड, आभाळ असे काही ओळखू येत नाही. मग रंगांचा तोल कुठे बिघडला तेवढेच डोळ्याला दिसते. त्यानंतर कॅनव्हासच्या कडेला बोट टेकवून पाहतात. बोटाला रंग लागला तर तो कॅनव्हास त्या दिवशी बाजूला.

आपण पाऊस उघडल्यावर ढेकूळ हातात घेऊन चुरून पाहतो, ते हेच. वाफसा आला नसताना वखर घातला तर जमीन चिकटते, पुढे ढेकळे होतात. ओल्या थरावर घाईने दुसरा रंग फिरवला तर खालचा रंग वर येतो आणि दोन्हींचा चिखल होतो. म्हणून गुरुजी एका वेळी चारपाच चित्रे हाती घेतात. एक सुकत असते तेव्हा दुसरे वाफशावर आलेले असते.

आता तेल सुकते म्हणजे काय होते, ते नीट समजून घ्या. पाणी उडून जाते तसे जवसाचे तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू धरते, त्याचे कण एकमेकांना बांधले जातात आणि चिवट पापुद्रा तयार होतो. म्हणजे सुकताना त्याचे वजन कमी न होता उलट वाढते. शेंगदाण्याचे तेल महिनाभर ताटलीत ठेवा, ते तेलच राहील. जवसाला हा गुण आहे म्हणून चारपाचशे वर्षांपूर्वीची युरोपातली तैलचित्रे आजही भिंतीवर आहेत. पातळ थर उन्हाळ्यात चारपाच दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड थराला कित्येक आठवडे लागतात, आणि आतून पुरता कडक व्हायला महिनेच्या महिने जातात. पावसाळ्यात तर गुरुजींचे काम निम्म्यावर येते. कोंदट खोलीत बुरशीही धरते.

यातून एक नियम निघतो आणि तो मोडला तर चित्र तडकते. खालचा थर उपाशी, वरचा पोसलेला. पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त आणि तेल कमी. पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडे थोडे वाढवत न्यायचे. उलटे केले, म्हणजे खाली तेलकट आणि वर कोरडा थर दिला, तर वरचा आधी आवळतो, खालचा अजून हलत असतो आणि वरच्याला भेगा पडतात. काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात पडतात तशा. रंगारंगांतही फरक असतो. अंबर नावाची तपकिरी माती लवकर सुकते, म्हणून ती खाली चालते. काळा रंग फार रेंगाळतो, तो जपून.

गुरुजींची चित्रे अर्धअमूर्त शैलीची आहेत. शब्दाला घाबरू नका. पहाटे धुक्यात शेतावर गेलात तर बांधाची रेघ दिसते, पण पलीकडे उभे आहे ते झाड की माणूस हे सांगता येत नाही. शेत तर आहे, पण कोणाचे ते कळत नाही. तेवढ्यावर चित्र थांबवायचे. हुबेहूब बैलजोडी काढण्यापेक्षा हे सोपे असेल असे वाटते, पण काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि त्यातच दिवस जातात.

एक चित्र मी सुरुवातीपासून पाहिले. जवसाचे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळून जातात, हे तुम्हाला माहीत आहे. धान कापलेल्या बांधीत सकाळी आठ-नऊ वाजता जो निळा रंग पसरतो, तो गुरुजींना धरायचा होता. आधी कोळशाने बांधांच्या रेघा काढल्या. मग अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर फिरवले. चार दिवसांनी निळा. तोही एक नाही, पांढऱ्याशी मिसळलेल्या तीनचार छटा. पहिल्या आठवड्यात चित्रात फुले होती, अगदी मोजता येतील अशी. मला ती छान वाटली. पुढच्या वेळी गेलो तर फुले गायब. पॅलेट नाइफने सगळी खरवडून काढली होती आणि त्यावर तणसाच्या रंगाचा जाड थर बसला होता.

काकू दारातूनच म्हणाल्या, ''आठ दिवस रंगवतात अन् नवव्या दिवशी खरवडतात. शेतात असं केलं असतं तर उपाशी मेलो असतो.''

गुरुजी हसले. म्हणाले, ''साहेब, विरळणी करताना तुम्ही चांगली रोपंसुद्धा उपटायला लावता ना? फुलं चांगली होती. पण माणूस फुलंच बघत बसला असता, सकाळ बघितली नसती.''

पुढे तो तणसाचा थर थोडा आवळल्यावर त्यांनी नाइफच्या कडेने त्यात आडव्या रेघा ओढल्या. जिथे रेघ गेली तिथे खालचा निळा वर आला. एका कोपऱ्यात वाकलेली बाई काढली होती, तीही पुढे एका पुसट डागावर आली. दिवाळीनंतर सुरू झालेले चित्र शिमग्याला संपले. मधले निम्मे दिवस ते नुसते सुकत होते. आता ते चित्र पाहून 'ही जवसाची बांधी' असे कोणी सांगेलच असे नाही. पण आमच्या कार्यालयातला शिपाई, जो स्वतः शेतकरी आहे, त्याने ते पाहिले आणि विचारले, ''सकाळचं आहे का?'' गुरुजी त्या दिवशी फार खूश होते.

संध्याकाळी काम आवरताना गुरुजी एका वहीत तारीख, कोणत्या कॅनव्हासवर कोणता रंग, तेल किती, टर्पेंटाइन किती, हे लिहून ठेवतात. शेतीची डायरी ठेवा म्हणून आम्ही ओरडून सांगतो, ती ठेवणारे किती? पुढचा थर कमी तेलाचा दिला जाऊ नये म्हणून त्यांना वही लागते. आठवणीवर भागत नाही.

तेल कोणते?

काही वर्षांपूर्वी एका घाण्यावरून आणलेल्या तेलाने गुरुजींचे हंगामभराचे काम वाया गेले. महिना झाला, दोन महिने झाले, रंग चिकटच. धूळ बसत गेली आणि शेवटी तीन कॅनव्हास टाकून द्यावे लागले. झाले असे होते, की घाण्यावर आधी शेंगदाणा गाळला होता आणि घाणा साफ न करता त्यावरच जवस घातला. खाणाऱ्याला कदाचित चवीतही फरक कळला नसता. पण चित्राला कळला. न सुकणारे तेल थोडे जरी मिसळले तरी जवसाचे सुकणे लांबते. दाराच्या चौकटींना, लाकडी अवजारांना जवसाचे तेल लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. लावलेले तेल आठवडे उलटूनही चिकटच राहिले, तर आधी भेसळ तपासा.

आता गुरुजी स्वतःसमोर तेल गाळून घेतात आणि घरी धुतात. काचेच्या बरणीत तेल आणि तेवढेच पाणी घालून जोरात हलवायचे व ठेवून द्यायचे. बियातला बुळबुळीत पदार्थ मधे थर करून बसतो. वरचे तेल काढून घ्यायचे. असे तीनचार वेळा. मग पसरट काचेच्या भांड्यात, वर फडके बांधून, काही आठवडे उन्हात ठेवायचे आणि साय धरू नये म्हणून अधूनमधून ढवळायचे. पिवळे तेल फिके आणि दाट होते. ही रीत युरोपातल्या जुन्या चित्रकारांचीही आहे.

तरीही जवसाच्या तेलाला काळोखात ठेवले की पिवळेपणा येतो, उजेडात आणले की तो बराच जातो. म्हणून पांढऱ्या आणि फिक्या रंगांसाठी कारखानदार बऱ्याचदा दुसरे तेल वापरतात. कोणते, माहीत आहे? करडईचे. सोलापूर, परभणीकडचे शेतकरी हे वाचत असतील तर त्यांनी ऐकावे! आणि परदेशात ज्या लिनन कापडावर चित्रे काढतात, ते कापडही जवसाच्याच वनस्पतीच्या देठातल्या धाग्याचे. फक्त त्या जाती उंच, कमी फांद्यांच्या असतात. आपल्याकडे चित्रकार बहुतेक जाड सुती कॅनव्हास वापरतात. त्याला आधी अस्तर द्यावे लागते, नाहीतर तेल कापड कुजवते.

आपला जवस रंगासाठी जाणे नवे नाही. इंग्रजांच्या काळात, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली. त्यानंतर मध्य प्रांतातला जवस मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागला, आणि तिकडे त्याच्या तेलातून रंग आणि रोगण होत असे. त्याच नागपुरात १९२४ साली वासुदेव गायतोंडे जन्मले. घराणे मूळ गोव्याचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली पदविका घेतली, १९७१ ला पद्मश्री मिळाली, पुढे दिल्लीत राहिले आणि २००१ साली गेले. ते रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे थरावर थर देत आणि काढत. रंगवण्यापेक्षा बघण्यात जास्त वेळ जाई. वर्षाकाठी चित्रे होत पाचसहाच. त्यांना आपल्या कामाला अमूर्त म्हटलेलेही आवडत नसे. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींवर गेले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. सय्यद हैदर रझाही आपल्या बाजूचेच. मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात १९२२ ला जन्म, नागपूरच्या चित्रशाळेत शिक्षण, मग मुंबई आणि पॅरिस. पॅरिसमधल्या सुरुवातीच्या काळातली त्यांची तैलचित्रे पाहिली तर घरे, रस्ते, झाडे हळूहळू रंगांत विरघळत गेलेली दिसतात. गुरुजी ज्या वाटेने जातात तीच वाट.

कोटींचा आकडा वाचून भुलू नका. गुरुजींची चित्रे वर्षात दोनतीन खपतात, रंग-कॅनव्हासचा खर्च जेमतेम निघतो. आणि चित्रकारांच्या भरवशावर जवसाचे क्षेत्र वाढवा, असे मी मुळीच सांगणार नाही. एका चित्रकाराला वर्षाला काही लिटर तेल पुरते. पण ते काही लिटर त्याला निव्वळ लागते, आणि निव्वळ तेलासाठी तो चार पैसे जास्त मोजायला तयार असतो. मात्र गावात एखादे पोर एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन पुढे चित्रकलाच शिकायची म्हणत असेल, तर सरपंचांनी आणि पालकांनी त्याला एकदा अशा माणसाच्या खोलीत पाच-सहा दिवस बसवावे. नुसते बघत बसणे आणि खरवडणे पाहून जे पोर कंटाळणार नाही, त्याला अडवू नये.

आता एक सूचना, ही चित्रकार नसलेल्यांनीही कापून ठेवावी. ओले तणस गंजीत घातले तर आतून तापते, हे आपण जाणतोच. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचे तसेच आहे. तेल प्राणवायू धरताना उष्णता सुटते. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आत कोंडते आणि बाहेरून ठिणगी न लागताही तो पेट घेऊ शकतो. गोठ्याशेजारी तणस रचलेले असेल तर पुढचे सांगायला नको. अवजारांना, दारांना तेल लावून झाले की फडकी पाण्यात बुडवा, किंवा तणसापासून लांब, उघड्यावर एकेक सुटी पसरून वाळवा. गुरुजींच्या खोलीच्या दाराशी यासाठी झाकणाची एक लोखंडी बादली असते, अर्धी पाण्याने भरलेली. काम संपले की सगळी फडकी तिच्यात जातात, आणि ती बादली रात्री गोठ्यापासून दूर, अंगणात राहते.