गल्लीची स्तुतिगानं

तव्यावर शेकलेली तोर्तिया, अंगणातला पाण्याचा फवारा, मांजर, टेनिस खेळायचे बूट, मिरच्या वाटायचा दगडी खल म्हणजे मोल्काहेते, मोहल्ल्यातलं वाचनालय, लग्न. १९९२ साली आलेल्या गॅरी सोतो यांच्या 'नेबरहुड ओड्स' या पुस्तकातल्या २१ कवितांचे विषय हे असे आहेत. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्तीत वाढणाऱ्या मुलांचा रोजचा दिवस त्यांत आहे. सोबत डेव्हिड डियाझ यांची काळी-पांढरी चित्रं.

ओड म्हणजे स्तुतिगान. प्राचीन ग्रीसमध्ये पिंडारने ती गायली क्रीडास्पर्धांतल्या विजेत्यांसाठी. चिलीचे पाब्लो नेरुदा यांनी १९५४च्या 'ओदास एलेमेंतालेस'मध्ये हा मान कांद्याला, टोमॅटोला दिला. सोतो त्याच वाटेने गेले आणि गल्लीतल्या मुलांना सोबत घेऊन गेले.

त्यांचा जन्म १९५२चा, फ्रेस्नोचा. हे शहर सॅन वाकीन खोऱ्यातलं, द्राक्षं आणि बेदाण्यांसाठी प्रसिद्ध. घरातली माणसं शेतात नाहीतर कारखान्यात राबणारी. सोतो ५ वर्षांचे असताना वडील कामावरच्या अपघातात गेले. पुढे त्यांनी स्वतःही शेतमजुरी केली. मोठ्यांसाठी लिहिलेल्या 'द एलिमेंट्स ऑफ सॅन वाकीन' (१९७७) या संग्रहात ती धूळ आणि ते कष्ट थेट येतात. मुलांच्या कवितांतही पैशांची ओढाताण दिसते, पण तिथलं मूल कुणाकडे दया मागत नाही. हातातली गरम तोर्तिया त्याला पुरते. गरीब वस्तीतल्या बालपणावर लिहिताना कवीचा सूर सहज हळवा होतो; सोतो तो होऊ देत नाहीत, आणि म्हणूनच मला ते थोर बालकवी वाटतात.

रास्पादोवरची कविता पाहा. रास्पादो म्हणजे किसलेल्या बर्फावर रंगीत पाक, आपल्या बर्फाच्या गोळ्याचा सख्खा भाऊ. ही कविता एका मुलीच्या तोंडी आहे. वडील आपल्या लहानपणचा भाव सांगतात, आता तो किती वाढलाय ते ती जाणते. दोन पिढ्यांची कमाई आणि महागाई एवढ्याशा जागेत येते, आणि गोडी कुठेही कमी होत नाही.

दुसरे कवी फ्रान्सिस्को आलार्कोन, त्यांची तऱ्हा निराळी. ओळी अगदी छोट्या, आणि प्रत्येक कविता स्पॅनिश व इंग्रजीत शेजारीशेजारी. चार ऋतूंची त्यांची चार पुस्तकं १९९७ ते २००१ या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या 'चिल्ड्रन्स बुक प्रेस'ने काढली. चित्रं माया क्रिस्टिना गोन्सालेस यांची. शरद ऋतूचं पुस्तक लॉस एंजेलिसमध्ये घडतं. याच काळात, जून १९९८मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन २२७' मंजूर केलं आणि सरकारी शाळांतल्या द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधनं आली. वर्गात स्पॅनिशची जागा आक्रसत असताना या पुस्तकांच्या पानांवर ती इंग्रजीच्या बरोबरीने उभी होती. घरची भाषा मुलांपासून तुटते तेव्हा आजीच्या गोष्टी आणि गाणीही तुटतात, म्हणून मला या चार पुस्तकांचं मोल फार वाटतं. ती बंधनं मतदारांनीच नोव्हेंबर २०१६मध्ये काढून टाकली. आलार्कोन त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.

अमेरिकेतल्या एल पासो शहरच्या कवयित्री पॅट मोरा यांनी १९९६मध्ये 'कन्फेटी' हा मुलांसाठीचा कवितासंग्रह दिला. मेक्सिकोत ३० एप्रिलला बालदिन असतो. त्याला पुस्तकांची जोड देण्याची चळवळ त्यांनी त्याच वर्षी सुरू केली. अमेरिकेतली वाचनालयं आता तो दिवस अनेक भाषांतल्या पुस्तकांनी साजरा करतात.

ही पुस्तकं मिळाली तर चौथी-पाचवीच्या मुलांबरोबर सोतोंपासून सुरुवात करावी, आणि कविता मोठ्याने वाचाव्यात.