जुनी सायकल : घ्यावी की सोडावी?

जुन्या सायकलीचा सौदा रंगावर नव्हे, फ्रेमवर ठरतो. हँडलखालच्या जोडापाशी रंगाला सुरकुती वा बारीक तडा दिसल्यास धडकेने नळी वाकली असण्याचा संभव मोठा; अशी सायकल भंगाराच्याच भावाने घ्यावी. चेन, टायर, ब्रेकचे रबर काय, बदलता येतात. २८ इंची काळ्या सायकलीत एका कंपनीचा सुटा भाग बहुधा दुसरीला बसतो; म्हणूनच ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडूनही जुनी ॲटलस दुरुस्त होते. गिअरच्या स्वस्त सायकलींत मात्र नफा सुट्या भागांतच जिरतो. शिवाय कारागिराची मजुरी! नवखा व्यापारी ती हिशेबात धरायला हमखास विसरतो. फ्रेमवरील क्रमांक घासलेला असेल आणि विकणाऱ्याजवळ पावतीही नसेल, तर चाक कितीही सरळ फिरो, तो माल दुकानात घेऊ नये.