खासगी एफएम: परवाना, शुल्क आणि बंद पडलेलं केंद्र

एफएम वेगळं कसं? लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून केंद्र एका शहरापुरतं. मध्यम लहरींचा पल्ला मोठा, पण खरखर जास्त. सोलापूरच्या भवानी पेठेत मागाची मोटार सुरू झाली की जुन्या संचावर खरखर ऐकू येणारच. एफएमवर फारशी येत नाही. सोलापूर आकाशवाणी: १०३.४ मेगाहर्ट्झ.

जाहिराती कधीपासून? विविध भारती १९५७ ची. जाहिराती १९६७ पासून. पहिला मान मुंबई, पुणे, नागपूरला.

लहरी कोणाच्या? जनतेच्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, फेब्रुवारी १९९५. कंपनीला मिळतो तो फक्त ठरावीक मुदतीचा परवाना.

केंद्रं बंद का पडली? खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात (लिलाव २०००) वार्षिक शुल्क ठरलेलं आणि दरवर्षी त्यात १५ टक्के वाढ. उत्पन्न वाढो न वाढो. पहिल्या वर्षी १ कोटी असेल, तर पाचव्या वर्षी सुमारे पावणेदोन कोटी. अनेक बोलीदारांनी केंद्र सुरूच केलं नाही. मुंबईचं ‘विन ९४.६’ २००२ मध्ये सुरू झालं, २००५ मध्ये बंद. आवडीचा निवेदक त्या बटणावर पुन्हा भेटला नाही.

नंतर काय बदललं?
• २००५: एकरकमी प्रवेश शुल्क, शिवाय उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा.
• २०११: आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी ऐकवायला परवानगी. स्वतःच्या बातम्या अजूनही नाहीत.