यंत्राची मूठ

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

गेल्या वर्षींच्या खरिपांतील गोष्ट. आमचे शेजारी अण्णा ह्यांस एका योजनेखालीं बियाण्याच्या अनुदानासाठीं अर्ज करावयाचा होता. अर्ज फोनवरच भरावयाचा होता. अण्णा वयानें माझ्याहून वडील, शेतीच्या कामांत तरबेज, व हिशेबास चोख. त्यांनीं सर्व मजकूर सावकाश भरला. 'क्षेत्र' असें लिहिलेल्या चौकटींत त्यांनीं ४० हा आंकडा घातला. कारण त्यांचें तें शेत ४० गुंठ्यांचें आहे. गुंठे, एकर कीं हेक्टर, ह्याचा उल्लेख तेथें कोठेंही नव्हता. यंत्रानें तो आंकडा हेक्टरांत धरला, म्हणजे एका एकराच्या धन्यास जवळजवळ ९९ एकरांचा धनी केलें, आणि वर 'अर्ज यशस्वी झाला' असा निरोप दिला. पुढें पडताळणींत अर्ज फेटाळला गेला. फोनवर दुरुस्तीची सोय नव्हती. कचेरीच्या चार खेपा झाल्या. तोंवर पेरणी उरकली, आणि त्या हंगामाचें अनुदान गेलें तें गेलेंच.

अनुदान गेल्याचें वाईट वाटलेंच. पण अण्णा त्यानंतर जें बोलले, त्याचें अधिक वाटलें. ते म्हणाले, "भाऊसाहेब, हें आमच्यासारख्या अडाण्याचें काम नव्हे. पुढच्या खेपेस फोनच दुकानदाराच्या हातीं देऊन टाकतों." ह्या एका वाक्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

माझा जन्म महसुलाच्या कागदांत गेला. एक कारकून चुकला तर त्याची कानउघाडणी करावी; परंतु तालुक्यांतील पन्नास कारकून एकाच रकान्यांत एकच चूक करूं लागले, तर रकाना तपासावा, हा धडा त्या नोकरीनें मला दिला. कधीं रकान्याचें शीर्षक संदिग्ध असे, कधीं सारखे दिसणारे दोन रकाने शेजारीं शेजारीं असत, आणि लिहितां लिहितां डोळा घसरे. माणसें हुशार होतीं. नमुना सदोष होता.

खुरप्याचें पातें लोहार घडवितो, पण खुरपें धरावें लागतें तें मुठीनें. पातें कितीही धारदार असलें, तरी मूठ हातास बसत नसेल तर हातास फोड येतो, आणि तणाबरोबर पीकही कापलें जातें. संगणकाचें व फोनचें असेंच आहे. आंतील गणित हें पातें. आणि पडद्यावरील अक्षरें, चित्रें, चौकटी, बटणें व निरोप हीं सर्व मिळून त्याची मूठ. इंग्रजींत तिला इंटरफेस म्हणतात. माणूस यंत्राच्या गणितास कधींच हात लावीत नाहीं. त्याचा सारा व्यवहार मुठीशीं. म्हणून मूठ वाईट असली कीं चांगलें यंत्रही त्याच्या दृष्टीनें वाईटच ठरतें.

ह्या गोष्टीचें महत्त्व प्रथम विमानांनीं शिकविलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बी-१७ ह्या बाँबफेकी विमानांस एक विलक्षण अपघात वारंवार होई. विमान सुखरूप जमिनीवर उतरे, आणि तें धांवपट्टीवर असतांनाच वैमानिक त्याचीं चाकें वर ओढून घेई. विमान पोटावर बसे. दोष अर्थातच वैमानिकाच्या माथीं येई. १९४३ सालीं अल्फॉन्स चॅपॅनिस नांवाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानें ह्याचा तपास केला. त्यानें वैमानिकांच्या बुद्धीपेक्षां त्यांच्या बसण्याच्या जागेकडे लक्ष दिलें. चाकांची कळ व पंखांच्या झडपांची कळ एकमेकींशेजारीं होत्या, आणि दिसण्यांत व हातास लागण्यांत अगदीं सारख्या. उतरल्यावर झडपा मिटावयाच्या असत. थकलेला हात शेजारच्या कळीवर पडे. त्यानें चाकांच्या कळीस रबराचें लहानसें चाक व झडपांच्या कळीस पाचरीसारखा तुकडा बसविला. न पाहतांही हातास फरक कळूं लागला, आणि चूक टळली. आजही विमानांतील चाकांच्या कळीस चाकाचाच आकार देतात.

संगणकाची मूठही आरंभीं अशीच बोजड होती. आज्ञा पाठ करून अक्षर न् अक्षर टंकावी लागे. एक खूण चुकली कीं काम अडे. १९६८ सालच्या डिसेंबरांत सॅन फ्रॅन्सिस्को येथें डग्लस एंगलबार्ट ह्यांनीं हातानें सरकविण्याचें 'माऊस' हें साधन भर सभेंत चालवून दाखविलें. १९८१ सालीं झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' यंत्रानें कागद, फायली इत्यादि ओळखीच्या वस्तूंचीं चित्रें पडद्यावर मांडलीं, आणि १९८४ सालीं ॲपलच्या मॅकिंटॉशनें ती रीत सामान्य ग्राहकापर्यंत नेली. पाठांतराची जागा ओळखीनें घेतली. कळपांतून आपला बैल निवडावयास शेतकऱ्यास त्याचें वर्णन पाठ करावें लागत नाहीं. तो दिसला कीं ओळखूं येतो. पडद्यावरील चित्रांचें मर्म हेंच.

तथापि केवळ हेतु चांगला असून भागत नाहीं. २००० सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. फ्लॉरिडा राज्यांतील पाम बीच परगण्यांत मतपत्रिकेवर उमेदवारांचीं नांवें डाव्या व उजव्या अशा दोन पानांवर, व छिद्रें पाडण्याच्या जागा मधोमध एका रांगेंत होत्या. डाव्या पानावर अल गोर ह्यांचें नांव दुसरें, पण त्यांचें छिद्र तिसरें. दुसरें छिद्र उजव्या पानावरील पॅट ब्यूकॅनन ह्यांचें. कित्येकांचीं मतें भलत्यास गेलीं. कित्येकांनीं गोंधळून दोन छिद्रें पाडलीं, व तीं मतें बाद झालीं. त्या राज्याचा, आणि त्यायोगें अध्यक्षपदाचा, निकाल अवघ्या ५३७ मतांच्या फरकानें लागला. वृद्ध मतदारांस अक्षर मोठें दिसावें एवढ्याचसाठीं ती मांडणी योजिली होती! पण पाम बीचच्या मतदारांस अडाणी कोण म्हणेल?

आतां आपल्या बांधावर येऊं. चांगल्या मुठीचीं लक्षणें कोणतीं, तें अण्णांच्या अर्जावरूनच पाहतां येईल.

पहिलें, चौकटीनें आपणांस काय हवें तें स्पष्ट सांगावें. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर ह्यांत असतें. बांधावरील बोलणें एकर व गुंठे ह्यांत चालतें. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा सुमारें १०१ चौरस मीटर, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे. पण हेक्टर १०० आरांचा, तर एकर ४० गुंठ्यांचा. पाय घसरतो तो येथेंच.

दुसरें, अशक्य उत्तर यंत्रानें अडवावें. असा अर्ज पूर्वीं खिडकीवर आला असता, तर कारकुनानें हंसून विचारलें असतें, "अण्णा, ४० हेक्टर कीं ४० गुंठे?" यंत्रास हंसतां येत नाहीं, तें हंसणें करणाऱ्यानें त्यांत आधींच घालून ठेवावें लागतें.

तिसरें, काय झालें तें यंत्रानें आपल्या भाषेंत उलट सांगावें. नुसत्या 'यशस्वी' ह्या शब्दाचा उपयोग काय? 'आपण ४० हेक्टर, म्हणजे सुमारें ९९ एकर लिहिलें आहे. बरोबर आहे काय?' एवढें विचारलें असतें, तरी पुढील सर्व अनर्थ टळता.

चौथें, चूक मागें घेतां यावी. गांव नमुना बारामधील पिकाची नोंद पूर्वीं तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीनें तें काम राज्यभर शेतकऱ्याच्या हातीं दिलें. पुढें २०२२ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत केलेली नोंद ४८ तासांच्या आंत दुरुस्त करण्याची सोय ठेवण्यांत आली. माणूस चुकणारच हें ज्या मुठींत गृहीत धरलें आहे, ती मूठ शहाणी.

पांचवें, ज्याच्यासाठीं यंत्र करावयाचें, त्याच्या हातीं तें आधीं देऊन पाहावें. थंड खोलींत झकास दिसणारा पडदा दुपारच्या उन्हांत दिसत नाहीं. बोट चिखलानें भरलेलें असतें. आणि नेमकें शेतांतच रेंज नसते.

ह्यांत नुसती सोयीगैरसोयीची गोष्ट आहे असें कोणीं समजूं नये. जो शेतकरी स्वतःस अडाणी समजून फोन दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, तो त्याबरोबर आपला आधार क्रमांक, बँकेचें खातें व ओटीपीही स्वाधीन करतो. मूठ दुसऱ्याच्या हातीं गेली, कीं पातें कोणावर फिरेल ह्याचा नेम नाहीं.

म्हणून सभासद बंधुभगिनींस विनंति आहे. आंकडा घालण्यापूर्वीं तो कोणत्या मापांत हवा तें शोधा. न सांपडल्यास विचारल्याशिवाय पुढें जाऊं नका. अर्ज पाठविण्याआधीं भरलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. ओटीपी कोणासही सांगूं नका. आणि जेथें अडलें, तेथें कोणतें पान, कोणती तारीख, काय लिहिलें व यंत्रानें काय उत्तर दिलें, हें चार ओळींत टिपून संस्थेकडे द्या.

ह्याचा उपयोग होतो. एकट्या अण्णांचें गाऱ्हाणें कचेरींत पडूनच होतें. मग गांवांत विचारपूस केली, तों त्याच चौकटींत तीच चूक अकरा जणांकडून झालेली आढळली. त्या सर्वांच्या तारखा व आंकडे एका कागदावर मांडून आम्हीं तो पाठविला. एकाचें तें रडगाणें होतें. अकरांचा पुरावा झाला. यंदाच्या नमुन्यांत 'क्षेत्र' ह्या शब्दापुढें 'हेक्टर-आर' असें छापून आलें आहे. तें आमच्याच पत्रामुळें आलें असा दावा मी करीत नाहीं. मृगापूर्वीं अण्णांनीं आपला अर्ज आपल्याच हातानें भरला, व फोन खिशांत ठेवून ते शेताकडे गेले, एवढें मात्र मीं स्वतः पाहिलें आहे.